गळ, स्मृती आणि पवईचे पाणी

दुसऱ्या जिवाच्या यातनेतून लाभलेल्या आनंदाची आठवण निर्दोष असू शकते का, हा प्रश्न भारतीय नीतिचिंतनात नेमक्या याच शब्दांत मांडलेला आढळत नसला, तरी हिंसा आणि स्मृती या दोन्ही विषयांचा योगदर्शनाने आणि जैन आचार्यांनी जो सूक्ष्म विचार केला आहे, त्याच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेता येतो. हौसेखातर गळाने मासे धरणाऱ्यांच्या आठवणींत तो विशेष तीव्रतेने उभा राहतो, कारण शिकारीच्या इतर प्रकारांतला आरडाओरडा आणि रक्तपात येथे नसतो, कृती शांत व एकांतातली असते आणि जिच्यावर ती घडते ती मासळी ओरडत नाही. पाश्चात्त्य देशांतील अशा आठवणींचा नायक बहुधा ट्राउट हा थंड पाण्यातला मासा असतो. ब्रिटिश राजवटीत तो काश्मीर आणि निलगिरीच्या पाण्यात आणून सोडला गेला, परंतु मुंबई परिसराच्या उबदार पाण्यात तो जगत नाही, आणि म्हणून येथील गळाच्या शौकिनांच्या स्मृतीत त्याची जागा पवई तलावातील कटला, रोहू, मृगळ आणि महसीर यांनी घेतलेली आहे.

पवईचा तलाव १८९१च्या सुमारास मुंबईला पाणी पुरवण्याच्या हेतूने बांधला गेला, परंतु ते पाणी पिण्यास योग्य न ठरल्यामुळे तलावाचा मूळ उपयोग मागे पडला आणि मासेमारीच्या छंदाला मोकळी जागा मिळाली. १९३६ साली स्थापन झालेली बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन ही हौशी मासेमारांची संघटना पुढे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या नावाने ओळखली जाऊ लागली. संगीतकार नौशाद हे तिचे अध्यक्ष होते, यावरून या छंदाचा पसारा कोणत्या थरांपर्यंत पोहोचला होता हे ध्यानात येते. संघटना तलावात मत्स्यबीज, म्हणजे माशांची बोटभर लांबीची पिल्ले, सोडत आली. ज्याला धरायचे त्यालाच आधी वाढवायचे, असा हा संबंध होता. नंतरच्या दशकांत सभोवतालच्या टेकड्यांवरील खाणकाम आणि बांधकाम यांमुळे तलावात गाळ साठत गेला, वस्त्यांचे सांडपाणी त्यात उतरू लागले आणि सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर जलपर्णी फोफावली. ही तरंगती वनस्पती पाण्यावर आच्छादन घालून प्रकाश अडवते, आणि ती कुजू लागली की पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो, त्यामुळे मासे गुदमरतात. जुन्या शौकिनांच्या आठवणींत स्वच्छ पाणी, पहाटेचा गारवा आणि दोऱ्याला बसलेला पहिला हिसका यांच्याबरोबरच या ऱ्हासाची हळहळही असते, आणि ती हळहळ खरी मानली पाहिजे. तलाव बिघडत असल्याची जाणीव सर्वांत आधी त्यांनाच होणे स्वाभाविक होते, कारण तासन्‌तास पाण्याकडे पाहत बसणारे दुसरे कोण होते?

या छंदाचे पारंपरिक समर्थन असे केले जाते की त्यात मासा हे निमित्त असून चित्ताची स्थिरता हे खरे फळ आहे. इंग्रज लेखक आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली प्रसिद्ध केलेल्या गळविषयक ग्रंथात या छंदाला चिंतनशील माणसाचे रंजन म्हटले, आणि तेव्हापासून ही भूमिका पुन्हापुन्हा मांडली गेली. भारतीय परंपरेला ती सहज मान्य होणारी नाही. एकाग्रता स्वतःहून पुण्य ठरत नाही, ती कशावर आणि कशासाठी आहे यावर तिचे मोल अवलंबून असते, हे सांगण्यासाठीच तर बगळ्याच्या ध्यानाचे उदाहरण येथे शतकानुशतके दिले जात आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसा हे पहिले व्रत असून, जाती म्हणजे प्राण्यांचा प्रकार, देश, काल आणि समय म्हणजे विशिष्ट प्रसंगाचा संकेत, यांपैकी कोणत्याही मर्यादेने ते सीमित नसेल तेव्हाच त्याला महाव्रत म्हटले आहे. आणि या सूत्रावरील व्यासभाष्यात जातीने सीमित झालेल्या अहिंसेचे उदाहरण म्हणून नेमका मासे मारणारा निवडला आहे, जो माशांखेरीज अन्य कोणत्याही प्राण्याला इजा करीत नाही. भाष्यकाराने त्याला क्रूर ठरवलेले नाही. त्याची अहिंसा खरी आहे, पण तिच्यात एक छिद्र आहे आणि त्या छिद्राचा आकार माशाचा आहे, एवढेच तो दाखवतो. पवईच्या शौकिनांचे तलावावरील, पक्ष्यांवरील आणि तेथील मगरींवरील प्रेम या दृष्टीने पाहिले, तर ते खोटे ठरत नाही. त्यातून वगळलेला जीव कोणता, हे मात्र स्पष्ट होते.

राष्ट्रकूट काळात, इ. स. ९५९ मध्ये, सोमदेवसूरी या जैन आचार्याने पूर्ण केलेल्या यशस्तिलकचंपू या ग्रंथात (चंपू म्हणजे गद्यपद्यमिश्रित काव्य) हा विचार आणखी पुढे नेलेला आहे. कोळी आणि शेतकरी यांची तुलना करून सोमदेव असे प्रतिपादन करतो की शेतकऱ्याच्या हातून नांगरटीत जीव मरत असूनही तो पापाचा धनी होत नाही, आणि कोळी मात्र एकही मासा हाती न लागता घरी परतला तरी पापी ठरतो, कारण दोघांच्या संकल्पात भेद आहे. जैन आचारशास्त्रात गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे चार प्रकार केले जातात: घरकामात अपरिहार्यपणे घडणारी आरंभी, उपजीविकेच्या व्यवसायात घडणारी उद्योगी, स्वसंरक्षणासाठी घडणारी विरोधी आणि केवळ ठरवून केलेली संकल्पी. यांपैकी संकल्पी हिंसा गृहस्थानेही पूर्णतः सोडावी, असा दंडक आहे. सोमदेवाचा निवाडा पोटासाठी जाळे टाकणाऱ्या कोळ्याबाबत फार कठोर आहे, आणि ज्याला जमीन नाही त्याला शेतकऱ्याच्या तराजूत तोलणे न्याय्य आहे का, असा आक्षेप त्यावर घेता येतो व घेतलाही पाहिजे. परंतु ज्याला पोटाची निकड नाही आणि ज्याचा सारा दिवस माशाच्या प्रतीक्षेत जातो, त्या हौशी माणसाला हा निवाडा जसाच्या तसा लागू पडतो, आणि रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसाची गोड आठवणही त्यातून सुटत नाही.

त्याच ग्रंथात मृगसेन नावाच्या कोळ्याची कथा येते. जाळ्यात सापडलेला पहिला जीव मारायचा नाही, एवढेच छोटे व्रत तो एका मुनीकडून घेतो. पहिला मासा सापडताच तो त्याला ओळखीची खूण करून पाण्यात सोडतो, आणि त्या दिवशी जाळ्यात पाच वेळा तोच मासा येतो व पाचही वेळा तो त्याला सोडून देतो. पुढच्या जन्मी धनकीर्ती म्हणून जन्मलेला हा जीव मृत्यूच्या प्रसंगातून पाच वेळा वाचतो. मासा धरून जिवंत सोडण्याच्या आधुनिक प्रथेला या कथेचा आधार देण्याचा मोह होईल, पण दोन्हींत मूलभूत अंतर आहे: मृगसेन सोडण्यासाठी धरत नाही, तर सोडल्यामुळे उपाशी राहण्याची जोखीम पत्करतो, आणि हौशी माणसाच्या सोडण्यात त्याला काहीच गमवावे लागत नसते. केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासे धरण्यास स्वित्झर्लंडच्या प्राणिसंरक्षण नियमांनी मनाई केली आहे, तीही याच तर्काला अनुसरून. ज्याला खायचे नाही त्याला यातना देण्यास समर्थन उरत नाही.

यापुढचा प्रश्न स्मृतीचा आहे. योगदर्शनात स्मृती ही चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक असून, अनुभवलेला विषय चित्तातून निसटू न देणे हे तिचे लक्षण सांगितले आहे. भाष्यावरील तत्त्ववैशारदी या टीकेत वाचस्पती मिश्राने असे दाखवले आहे की पूर्वानुभवाने मागे ठेवलेले तेवढेच स्मृतीच्या मालकीचे असते. ती त्याहून कमी घेऊ शकते, परंतु अधिक घेतले तर ती चोरी होते. निसटलेला मासा प्रत्येक सांगण्यागणिक मोठा होत जातो हा जगभरच्या गळकऱ्यांबाबतचा अनुभव या कसोटीवर लावला, तर तो निरुपद्रवी विनोद राहत नाही: वाढलेला अंश स्मृतीचा नसून रागाचा, म्हणजे सुखामागोमाग येणाऱ्या आसक्तीचा असतो. परंतु त्याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. माशाची यातना आठवणीत कमी पडते असे नाही, ती तेथे येऊच शकत नाही, कारण ती गळ धरणाऱ्याच्या अनुभवात कधी नव्हतीच. त्याला हिसका जाणवला, वेदना जाणवली नाही. म्हणून जुन्या शौकिनाने कितीही प्रामाणिकपणे आठवले, तरी केवळ आठवणीतून त्याला पश्चात्ताप होणार नाही, आणि त्यासाठी त्याला अप्रामाणिक म्हणणे अन्यायाचे होईल. माशाची बाजू त्याला अनुमानाने, म्हणजे चिन्हावरून काढलेल्या निष्कर्षाने, जाणून घ्यावी लागते. असे चिन्ह २००३ साली स्कॉटलंडमधील रॉसलिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ठेवले: इंद्रधनुषी ट्राउटच्या तोंडावर व डोक्यावर इजेची संवेदना वाहून नेणारे ग्राहक त्यांना आढळले, आणि ओठात दाहक द्रव टोचलेले मासे ओठ तळाच्या खडीवर घासू लागले व अन्नाकडे बराच उशिरा वळले. माशांच्या मेंदूत सस्तन प्राण्यांसारखे बाह्यक, म्हणजे मेंदूचे बाह्य आवरण, नसल्यामुळे याला वेदनेची जाणीव म्हणू नये, असा काही शास्त्रज्ञांचा प्रतिवाद आहे. परंतु संशयाचा लाभ कोणाला द्यायचा, हा प्रश्न शरीरशास्त्राचा नसून नीतीचा आहे, आणि निव्वळ करमणुकीच्या बाबतीत तो माशालाच दिला पाहिजे.

मुंबईलगतच्या मीरा-भाईंदर शहरात माशाच्या जिवाचा हा वाद पुस्तकी राहिलेला नाही. एकीकडे उत्तनचे कोळीवाडे आणि दुसरीकडे मोठा जैन समाज एकाच महापालिकेच्या हद्दीत नांदतात, आणि बेव्हर्ली पार्कसारख्या मीरा रोडच्या वसाहतींत दोन्ही प्रकारच्या स्वयंपाकघरांच्या भिंती एकमेकींना लागून असतात. २०१५ साली जैनांच्या पर्युषण पर्वाच्या काळात येथील महापालिकेने मांसविक्रीवर आठ दिवसांची बंदी घालण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच सुमारास मुंबईतील अशा बंदीवर उच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा मासळी बंदीबाहेर का, या प्रश्नावर सरकारी बाजूने असे सांगण्यात आले की मासे पाण्याबाहेर काढताच मरतात, त्यांची कत्तल करावी लागत नाही. जैन गणनेत मासा पाच इंद्रियांचा जलचर आहे, एवढे ध्यानात घेतले तर हे उत्तर त्या धर्माच्या दृष्टीने किती अपुरे होते ते कळते. आणि सक्तीच्या बंदीने कोणाचा संकल्प बदलत नाही हे लक्षात घेतले, तर बंदीही तितकीच अपुरी होती असे म्हणावे लागते.

उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून, घडलेला प्राणघात अशी केलेली आहे. या व्याख्येने पवईच्या प्रकरणात गळ धरणारे थोडे आणि शहर बरेच अडकते. ज्यांनी आयुष्यात मासा शिवला नाही अशा घरांचे सांडपाणीही तलावात उतरले, आणि त्याने जेवढे मासे गुदमरले तेवढे गळाने क्वचितच ओढले असतील. पतंजलीने केलेल्या, करवलेल्या आणि संमती दिलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या हिंसेला एकाच सूत्रात बसवले आहे, आणि नळाचे पाणी पुढे कोठे जाते हे न विचारणे ही संमतीच होय. जैन गृहस्थ प्रतिक्रमण नावाच्या नित्य विधीत जाता-येता दुखावलेल्या एक ते पाच इंद्रियांच्या जिवांचा प्रकारवार उच्चार करून क्षमा मागतो. आपल्याला जाणवलेही नाही ते दुखणे अनुमानाने ओळखून स्मृतीत दाखल करून घेण्याची ही शिस्त आहे, आणि पवईच्या जुन्या शौकिनांच्या आठवणींना जे मिळालेले नाही ते हेच. त्या आठवणी कोणी लिहून काढल्याच, तर त्यांत कटला आणि महसीर यांची वजने येतील तशी गळ तोंडातून काढतानाची क्षणचित्रेही आली पाहिजेत, आणि त्यांच्या शेजारी, ज्यांनी गळ कधी हाती धरला नाही त्या काठावरच्या इमारतींचे नाले कोठे उघडत होते, याचीही नोंद असली पाहिजे.