दोन ताऱ्यांचा हिशेब

मे महिन्यात पुण्यातल्या एका ब्रुअरीतून ग्राउलर, म्हणजे बिअरची मोठी बाटली, भरून घेतली. साताऱ्यात मित्राच्या गच्चीवर अर्धी संपली. गव्हाची बिअर, केळं, लवंग काहीच न घालता केवळ यीस्टमुळे दोन्हींचा वास. मित्राने लगेच ॲपवर पाच तारे दिले. उरलेली दोन दिवसांनी सांगलीत ओतली. फेस नाही, चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. चुलतभावाने दोन तारे दिले.

मी चिडलो. तो म्हणाला, "दादा, ग्लासात आलं त्याचेच तारे दिले की!"

खोटं कुणीच बोललं नव्हतं, तरी अन्याय झाला होता. झाकण मी उघडलं, आत हवा शिरली, गाडीही उन्हात मीच ठेवली. तारे मात्र बनवणाऱ्याचे कापले गेले. साताऱ्याचे कंदी पेढे आठवडाभर डिकीत फिरवून कुणी नावं ठेवली तर आपण खवळतोच ना?

आणि मी "आपली लोकल बिअर" म्हणून भांडत होतो. हॉप्स तर बहुतेक परदेशातूनच येतात. मग लोकल काय? जवळ बनते, म्हणून ताजी मिळते, एवढंच. तेवढंच मी दोनशेहून जास्त किलोमीटरच्या प्रवासात घालवलं होतं.

वाईट चव लपवू नये, हे भावाचं बरोबर. पण निकाल देताना त्या चवीतला आपला वाटा सांगायला नको?

शेवटी त्याच्या ताऱ्यांखाली मी लिहिलं: "उघडून दोन दिवस झालेली, उन्हात राहिलेली. चूक आमची." सरासरीत ते दोन तारे अजून मोजले जातात.