लॉगमध्ये लिहिलेले 50 बार

बसा सगळे. रविवारच्या दुसऱ्या डायव्हचा कागद माझ्या हातात आहे आणि तो मी मोठ्याने वाचणार आहे. कमाल खोली 21 मीटर. वेळ 24 मिनिटं. शिल्लक हवा, दोघांचीही, 50 बार. शेरा : जोडी शेवटपर्यंत एकत्र, अडचण नाही. खाली दोन सह्या.

यातली खोली तेवढी खरी आहे. दोघांचेही डायव्ह कॉम्प्युटर मी काल तपासले. एक जण चौदाव्या मिनिटाला वर आलाय. 21 मीटरवरून एका मिनिटाच्या आत, पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा न घेता. सिलिंडरमध्ये उरले होते 20 बार. दुसरा 27 मिनिटं खालीच. तो तिथे काय करत होता ते त्याच्याच कॅमेऱ्यात आहे : स्टेनगार्थ या बुडवलेल्या बोटीच्या नाळेखाली बसलेल्या पाईक माशाचं चित्रीकरण.

नावं घेत नाही, सगळ्यांना माहीत आहेत. आणि मान खाली घालून बसलेल्या त्या दोघांकडे बाकीच्यांनी बघू नका. किनाऱ्यावर हे ऐकून गप्प बसणारे तुम्हीच होतात.

आधी काय घडलं ते नीट समजून घ्या, कारण ‘रेग्युलेटरने दगा दिला’ असं मला तीन जणांनी सांगितलं. रेग्युलेटरने दगा दिलेला नाही. पाण्याचं तापमान होतं सहा अंश. दहा अंशांच्या खाली रेग्युलेटर गोठू शकतो हे मी वर्गात शिकवलंय. सिलिंडरमधली दाबाखालची हवा फर्स्ट स्टेजमध्ये एकदम प्रसरण पावते, कमालीची थंड होते, भोवतीच्या पाण्याचा बर्फ होतो आणि झडप उघडीच अडकते. मग हवा थांबत नाही, धो धो वाहत राहते. आता ती इतकी थंड का पडली? कारण तुम्ही एका दमात तिच्याकडून तीन कामं घेतलीत. श्वास घेताय, ड्रायसूटमध्ये हवा सोडताय आणि त्याच वेळी जॅकेटही फुगवताय. जॅकेट इतकं फुगवायची वेळ का आली? कारण कमरेला शिसं जास्त होतं. आणि ते जास्त का होतं? कारण प्लिमथच्या समुद्रात ड्रायसूटवर जेवढं लावलं होतं तेवढंच जसंच्या तसं इथे बांधलंत. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी हलकं. सामानासकट शंभर किलोच्या माणसाने अडीच किलोच्या आसपास शिसं कमी करायचं असतं, आणि मग कडेच्या उथळ पाण्यात तरंगून खात्री करायची असते. त्याला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं तुम्ही गटाचा फोटो काढण्यात घालवलीत. वर, गार वाऱ्यात उभं राहून रेग्युलेटर तोंडात धरून गप्पा मारल्यात. उच्छ्वासातली वाफ आत साचली, तिचं पुढे काय होणार होतं?

‘तळंच तर आहे, समुद्र थोडाच आहे.’ शनिवारी सकाळी गाडीतून उतरताना हे वाक्य मी कानांनी ऐकलं. तुमच्यातले निम्मे तारकर्लीला किंवा अंदमानात शिकून आलात. तिथे पाणी 28 अंशांचं, अंगात पातळ सूट, शेजारी प्रशिक्षक. ते शिक्षण खोटं नाही, पण लेस्टरशरमधल्या या तळ्यात ते पुरत नाही. स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची खाण आहे. 1958 साली काम थांबलं, पाणी उपसणं बंद झालं आणि झऱ्यांनी ती भरली. तिला समुद्रासारखा हळूहळू उतरत जाणारा तळ नाही. एका टप्प्याच्या कडेवरून पुढे गेलात की थेट खालच्या टप्प्यावर, पस्तीस मीटरच्या घरात. भरती नाही, लाट नाही, म्हणून भीती वाटत नाही, आणि माणूस तेवढ्यावरच सैल होतो. याच देशातल्या वॉस्टवॉटर तळ्यात कोणीतरी मजा म्हणून बागेतले मातीचे बुटके नेऊन तळाशी मांडले होते. ते बघायच्या नादात खोल गेलेले डायव्हर 1990 च्या दशकात मेले, आणि शेवटी पोलिसांच्या पाणबुड्यांनी ते बुटके बाहेर काढले. तेही तळंच होतं.

आता कॅमेरावाल्याशी बोलते. तुझ्या जोडीदाराने मागे वळून पाहिलं तेव्हा तू नव्हतास. रेग्युलेटर उघडा अडकल्यावर त्याला तुझ्या ऑक्टोपसची, म्हणजे जादा रेग्युलेटरची, तुझ्या सिलिंडरची, तुझ्या हाताची गरज होती. तुझ्याकडे तेव्हा 110 बार होते. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये ती 1320 लिटर हवा झाली. वीस मीटरवर दाब तिप्पट. दोन घाबरलेली माणसं मिनिटाला अडीचशे लिटर ओढतील असं धरलं तरी तुम्हा दोघांना सावकाश वर येऊन थांबाही घेता आला असता. हा हिशेब तुला येतो, परीक्षेत तू तो बरोबर सोडवलास. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं आणि वर यायचं, हेही तुला येतं. तरी तू तेरा मिनिटं खाली राहिलास. तो वर जिवंत पोचलाय की नाही, हे तुला ठाऊक नव्हतं. ती तेरा मिनिटं तू कशी काढलीस, हे मला आजही समजत नाही.

इथपर्यंतचं मी शिकवू शकते. माणूस घाबरतो, चुकतो, पुन्हा सराव करतो. पुढचं मात्र मला सहन होत नाही.

वर आलेल्याचं कोपर रविवारी संध्याकाळीच दुखायला लागलं. सकाळी तो 33 मीटरवर जाऊन आला होता, दुपारी रॉकेटसारखा वर आला होता, आणि शनिवारी रात्री पबमध्ये किती वेळ बसला होता तेही मला कळलंय. कोपर का दुखतंय हे त्याला कळत होतं आणि तुम्हालाही. शुद्ध ऑक्सिजनचा संच माझ्या गाडीत होता. मी तीस पावलांवर चहा पीत होते. पण ‘बाई पुढची ट्रिप रद्द करतील’ म्हणून तुम्ही त्याला पेनकिलर दिलीत, घरी पाठवलंत आणि कागदावर 50 बार लिहिलेत. पेनकिलरने दुखणं दबतं, झपाट्याने वर आल्यामुळे रक्तात झालेले बुडबुडे तिथेच राहतात. मला सोमवारी दुपारी कळलं. आज तो बरा आहे, रीकॉम्प्रेशन चेंबरमधल्या उपचारांनी. पण ते उपचार एक रात्र उशिरा सुरू झाले, आणि ती रात्र तुम्ही वाया घालवलीत. कोपराच्या जागी पाठीचा कणा असता तर आज तो या खोलीत चालत आला नसता.

ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतो. त्यात नावं नसतात. खोली, वेळ, शिल्लक हवा आणि काय बिघडलं, एवढंच असतं. गोठलेल्या रेग्युलेटरबद्दल मी तुम्हाला जे शिकवते त्यातलं बरंच अशाच नोंदींतून आलंय. कुणीतरी लाज गिळून खरं लिहिलं, म्हणून तुम्हाला ते आयतं मिळालं. तुमच्यानंतर येणाऱ्यांसाठी तुम्ही ‘अडचण नाही’ असं लिहून ठेवलंत.

माझ्यावर रागवा, मला कडक म्हणा, त्याचं मला काही नाही. मला तुम्ही सगळे पाण्याबाहेर हवे आहात.

आता ऐका. हा कागद इथेच, माझ्यासमोर, दोघे नव्याने लिहाल, खऱ्या आकड्यांसकट. तो अहवालासाठी आजच जाईल. कोपरवाल्याने डॉक्टरांचं लेखी पत्र आणेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही. कॅमेरा उन्हाळा संपेपर्यंत माझ्या कपाटात राहील. बाकीच्यांनी मंगळवारी पूलवर यायचं, रेग्युलेटर आणि शिसं घेऊन. हवा वाटून घेण्याचा सराव होईल, जोड्या मी लावीन. गेजवरचा आकडा दर पाच मिनिटांनी एकमेकांना दाखवायचा, आणि वर आल्यावर जो असेल तोच मला सांगायचा. सात वाजता दार बंद होईल.