घोंगड्याचा भाव

शेतकऱ्याला जन्मात एक गोष्ट करावी लागत नाही. मालाचा भाव ठरवणं. ज्वारी असो, कांदा असो, डाळिंब असो, आपण माल न्यायचा, दुसऱ्यानं बोली लावायची आणि पट्टीवर जो आकडा येईल तो खिशात घालून गाडी धरायची. गावाकडं आल्यावर लोकं विचारतात, "काय भाव घावला?" "काय भाव ठेवलास?" असं कुणी कुणाला विचारत नाही. १९७७ साली दहावी होऊन मी शेतीत पडलो, तेव्हापासून असंच चाललं. त्यामुळं साठी ओलांडल्यावर घोंगड्यांचं बारकं दुकान टाकलं आणि भावाची पाटी स्वतःच्या हातानं लिहायची वेळ आली, तेव्हा खडू धरलेला हात अडला.

आमचा भाग माणदेशाचा. पाऊस कमी, मेंढरं जास्त. धनगरानं मेंढरं कातरायची, लोकर सनगराला द्यायची, बायकांनी चरख्यावर सूत कातायचं आणि सनगरानं चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर घोंगडं विणायचं. पूर्वी गरिबाचं अंथरूण तेच, पांघरूण तेच, पावसात डोक्यावरची खोळही तेच. पुढं पानिपतची ब्लँकेटं आली आणि माग एकेक करून बंद पडले. आमच्याकडं एकच राहिला. तो चालवणारे आप्पा एक दिवस म्हणाले, "तात्या, तुझी रस्त्याकडची खोली रिकामीच हाय. चार घोंगडी ठेव की." असं ते दुकान सुरू झालं. पाटीवर मी लिहिलं, १८०० रुपये.

तीन वर्षं तो आकडा मी हलवला नाही. त्याचा मला अभिमान होता. त्याला कारण होतं. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा. वडील खडी फोडायला जायचे, रेशनवर लाल मिलो मिळायचा. त्या साली एका दुकानदारानं ज्वारी दाबून ठेवली आणि लोकं अडली तशी भाव चढवत नेली. आईच्या कानातली फुलं त्यात गेली. वडील मरेपर्यंत म्हणायचे, "अडलेल्याकडनं जादा घेऊ नये. ते पचत न्हाय." भाव वाढवणं म्हणजे त्या दुकानदाराच्या पंगतीला बसणं, असं माझ्या मनात घट्ट बसलेलं.

परवाच्या दिवाळीनंतर आप्पा दुकानात आले. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कातायला बाया मिळंनात. सगळ्या निंदणीला जात्यात. एक मावशी तेवढी राहिल्या, पण त्यांचंबी हात आता चालंनात."

"मग भाव वाढवायचा म्हणता?"

"मी कसं म्हणू? दुकान तुमचं."

त्याच आठवड्यात पुण्याच्या एक बाई गाडी थांबवून आत आल्या. घोंगड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "काका, हे शहरात कुणी पाच हजारांनाही घेईल." त्या गेल्या, पण पाच हजार काही डोक्यातून जाईना. रात्री कूस बदलली की तोच आकडा. खोटं कशाला बोलू? एकदा तर मी मनातल्या मनात घरावर नवीन पत्रेसुद्धा घालून झालो.

शेवटी घरची वैतागली. "अवं, झोपा तरी, न्हायतर काय ते वहीत मांडा तरी." उठलो. नातवाची जुनी वही घेतली आणि एका घोंगड्याचा हिशेब मांडला. लोकर आणि पिंजाई २५०. कताई ५५०. विणाई ६५०. दुकानाचे म्हणजे माझे ३५०. बेरीज १८००, बरोबर.

मग म्हटलं, याला दिवस किती लागतात ते लिहू. मावशी एका घोंगड्याचं सूत दहा दिवस कातते. म्हणजे दिवसाला ५५ रुपये. त्याच गावात निंदणीला बाईला ३०० मिळतात. खळ लावून विणेपर्यंत आप्पांचे चार दिवस, त्यात काकूंचे हात वेगळे. म्हणजे दोघांत मिळून दिवसाला एकशे साठच्या आसपास. आणि मी खुर्चीत बसून घोंगडं कागदात गुंडाळून देतो, त्याचे साडेतीनशे!

घरची मागं उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे स्वस्त तुम्ही देत न्हाय. मावशी देतीया."

हे मला चाळीस वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. कांद्याचे भाव पडले की शहरात लोकांना बरं वाटतं, आणि मी पारावर बसून तावातावानं म्हणायचो, तुमच्या स्वस्ताईचे पैसे आम्ही भरतो. आता मीच कुणाच्या तरी पदरचं उचलून गिऱ्हाइकाला वाटत होतो आणि वर भला माणूस म्हणवून घेत होतो. भाव न वाढवणं हीसुद्धा एक लबाडी असू शकते, हे त्या रात्री कळलं.

पण मग किती वाढवायचा? पाच हजार मिळतात म्हणून पाच हजार? वडिलांचं बोलणं आठवलं आणि त्यातला खरा अर्थ लागल्यासारखा झाला. त्या दुकानदारानं भाव वाढवला एवढाच त्याचा दोष नव्हता. त्याला तो भाव लागत नव्हता, फक्त मिळत होता. आपली वही त्याला गावापुढं उघडता आली नसती. म्हणून मी ठरवलं, जो आकडा घेणाऱ्याला आणि मावशीला, दोघांनाही वही उघडून दाखवता येईल, तोच लिहायचा. कताई १२००, विणाई १०००, बाकी तसंच. पाटीवर आलं २८००. निंदणीच्या मजुरीच्या निम्म्यालाही मावशी अजून पोचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यापुढं जायला माझी छाती झाली नाही.

मावशीच्या हातात पहिल्यांदा बाराशे ठेवले, तेव्हा तिनं ते दोनदा मोजले आणि विचारलं, "कुणाचं जादा आलं का यात?"

पुढच्या बाजाराला एक म्हातारा मेंढका आला. दर तीन-चार वर्षांनी घोंगडं नेणारा. त्यानं घोंगडं खांद्यावर टाकून बघितलं आणि १८०० काढून ठेवले. मी नवा भाव सांगितला. त्यानं घोंगडं खाली काढलं. मला वाईट वाटलं. म्हटलं, सवलत द्यायची तर आपल्या वाट्यातनं द्यावी. "माझे साडेतीनशे सोडतो, २४५० द्या. राहिलेले कोकरं विकल्यावर द्या." आणि भाव का वाढला ते कळावं म्हणून वही काढून त्याला एकेक ओळ वाचून दाखवली.

त्यानं कान देऊन ऐकलं. "बाईचं बरोबर हाय," म्हणाला. मग थांबून विचारलं, "आन् लोकरीचं एवढंच व्हय? औंदा मी कातरायला पैसे दिलं आन् लोकर बांधावर टाकून आलो. कुणी इचारलंच न्हाय."

मी काही बोललो नाही. त्यानं पैसे मोजून परत कोपरीत ठेवले, काठी उचलली आणि "बघू सुगी झाल्यावर" म्हणून उन्हात उतरला.

कताई सुधारली, विणाई सुधारली. लोकरीची ओळ मी जशी होती तशीच उतरवून घेतली होती. ती का बदलली नाही, असा प्रश्न मला पडलाच नव्हता. वही अजून गल्ल्याजवळच आहे. त्या ओळीपुढं काय लिहायचं ते ठरलेलं नाही.