सूत्र आणि त्याचे प्रकरण



‘सूत्र’ हा शब्द आपल्या मुखी नित्याचा आहे, आणि नित्याच्या शब्दाचा अर्थ कोणी पुसत नाही. मूळ अर्थ दोरा. कोष्ट्याच्या घरी सुताला क्रमांक असतो. क्रमांक जितका मोठा तितके सूत बारीक. सुतार, गवंडी त्याच सुताने सरळ रेषा धरतात, आणि इंचाच्या आठव्या भागासही ‘सूत’ म्हणतात. (‘सूतोवाच’ मात्र या कुळातले नव्हे, ते पुराण सांगणाऱ्या सूतावरून आले.)

शास्त्रात शिरताच हा शब्द गंभीर होतो. पाणिनीने सुमारे ४,००० सूत्रांत संस्कृत भाषा बांधली; परंतु त्यांतील पुष्कळ सूत्रे एकेकटी वाचली असता अर्थच देत नाहीत. मागील सूत्रातील पद पुढे आणावे लागते. वैयाकरण त्यास अनुवृत्ती म्हणतात. रसायनशास्त्रातील सूत्र तर अधिकच सावध करणारे. कार्बनचे २ अणू, हायड्रोजनचे ६ व ऑक्सिजनचा १, एवढेच सांगितले तर पदार्थ कोणता? मद्यार्काचे सूत्र हेच आणि डायमिथिल ईथरचेही हेच! पहिला सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. दुसरा शून्याखाली सुमारे २५ अंशांवरच उकळून वायुरूप होतो. अणू तेच, संख्या तीच, जोडणी निराळी.

आता सूत्रपाठाकडे पाहू. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातील सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची वचने निवडून केसोबासांनी तो सिद्ध केला. लीळेत वचन कोणास, कोठे, कशावरून निरूपिले हे असते. सूत्रपाठात वचन तेवढे उरते. कंठस्थ करण्यास ते उत्तमच. परंतु सुटलेला प्रसंग पुन्हा जोडून देण्यासाठी पूर्वाचार्यांना ‘प्रकरणवश’ रचावा लागला, हे विसरता कामा नये. दृष्टांतपाठाच्या ११४ दृष्टांतांतही सूत्र एकटे नाही. त्यामागून दृष्टांत येतो, आणि केसोबासांचे दार्ष्टांतिक त्यांची सांगड घालते.

असे असता, वृद्ध मातेची शुश्रूषा करणाऱ्या वासनिकास संबंधत्यागाचे सूत्र ऐकवणारे निघतात! तो विधी अनुसरलेल्याचा. बिचारा वासनिक मात्र मातेच्या उशाशी बसून स्वतःस अपराधी समजतो. सूत्र खरे, पाठ शुद्ध, मात्राही ढळलेली नाही. पण ते निरूपिले होते दुसऱ्यास. ऐकवणाऱ्याने त्या दिवशी प्रकरणवश उघडला असता, तर त्या घरी तो मातेची प्रकृती पुसून परतला असता.