नकाराचा अधिकार

दोन व्यापाऱ्यांनी आपापली दुकाने स्वखुशीने एक करावयाचे ठरविले, तर तिसऱ्याने, मग तो राजा का असेना, त्यांना अडवावे काय? ज्याचे भांडवल त्याची मर्जी, असे सुरतेसारख्या व्यापारी नगरीत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या मराठी घरांनाही वाटते. येथील पाण्याचाच तो गुण असावा! परंतु करार दोघांचा असला तरी त्याचा भार पुष्कळदा तिसऱ्याच्या माथी येतो, आणि करार ठरतो त्या बैठकीत या तिसऱ्याला कोणी बोलावलेले नसते. कौटिल्याने हे जाणले होते. संगनमताने माल अडवून धरणाऱ्या किंवा चढ्या भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांस त्याने सहस्र पणांचा दंड सांगितला आहे.

आपल्या गावाला विलीनीकरण ही गोष्ट नवीन नाही. १६९८ साली इंग्लंडमध्ये जुन्या ईस्ट इंडिया कंपनीला प्रतिस्पर्धी अशी दुसरी कंपनी निघाली आणि दोघींची भांडणे सुरतेत येऊन पोहोचली. नव्या कंपनीचा सर निकोलस वेट आणि जुन्या कंपनीचा सर जॉन गेयर यांनी मोगल दरबारी एकमेकांविरुद्ध कागाळ्या केल्या. गेयरला तर सुरतेत कित्येक वर्षे अटकेत काढावी लागली. पुढे दोन्ही कंपन्या एक झाल्या. १७०२ साली करार झाला, १७०९ साली विलीनीकरण पुरे झाले. तेथील सरकारने त्यास विरोध केला नाही. करण्याचे कारणही नव्हते. नव्या कंपनीने सरकारला वीस लक्ष पौंडांचे कर्ज दिलेले होते, आणि एकत्र झालेल्या कंपनीकडून आणखी बारा लक्ष मिळाले, तेही बिनव्याजी. सुरतेच्या विणकराला इंग्रज गिऱ्हाइके दोन होती, ती एक झाली, हा विचार त्या हिशेबात कोठेच नव्हता. सरकार विलीनीकरणाला होकार देते किंवा नकार देते तेव्हा ते कोणाच्या वतीने बोलत आहे, हे म्हणूनच आधी पाहावे लागते.

विमान कंपन्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. बाजारपेठेत एक दुकान बंद पडले, तर पुढच्या दिवाळीला तेथेच दुसरे उघडू शकते. विमानतळावर सकाळी उतरण्याच्या वेळा मोजक्या असतात, विमाने मागवून मिळेपर्यंत वर्षे जातात, आणि एकदा एकत्र झालेल्या दोन कंपन्या पुन्हा वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे जो काही नकार द्यावयाचा तो आधीच द्यावा लागतो. म्हणजेच, अद्याप न घडलेल्या हानीसाठी.

अमेरिकेत असा नकार अलीकडेच दिला गेला. जेटब्लू या कंपनीने स्पिरिट ही अतिस्वस्त दराची कंपनी ३८० कोटी डॉलरांना घेण्याचे २०२२ साली ठरविले. मार्च २०२३ मध्ये तेथील न्याय खात्याने दावा लावला आणि १६ जानेवारी २०२४ रोजी बोस्टनच्या न्यायालयात न्यायमूर्ती विल्यम यंग यांनी हा व्यवहार रोखला. स्पिरिट नाहीशी झाली तर ज्यांना केवळ तिच्याच तिकिटाचे पैसे परवडतात त्यांनी कोठे जावे, हा त्या निकालाचा गाभा होता. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात स्पिरिटने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा एकदा. तेव्हा टीकाकार म्हणाले, ज्या गरिबांसाठी सरकार भांडले, त्यांची कंपनीच सरकारने बुडविली.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तथापि त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: विरोध झाला नसता तर सारे सुरळीत झाले असते. आपल्या देशाने नेमका तोच प्रयोग करून पाहिला आहे. स्पर्धा कायदा २००२ साली संमत झाला, पण विलीनीकरणाविषयीची त्यातील कलमे १ जून २०११ पर्यंत अमलात आलीच नाहीत. मधल्या मोकळ्या काळात, २००७ या एकाच वर्षी, जेट एअरवेजने एअर सहारा १४५० कोटी रुपयांना घेतली, किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला, आणि सरकारने स्वतःच्या एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या दोन कंपन्या एक केल्या. किंगफिशरची विमाने २०१२ साली जमिनीवर आली, जेटची एप्रिल २०१९ मध्ये. एअर इंडिया कर्जाने वाकली आणि जानेवारी २०२२ मध्ये टाटांच्या हाती गेली. एक रुपयात प्रवासी नेण्याची स्वप्ने दाखविणारी डेक्कन तर आता आठवणीपुरतीच उरली आहे.

तेव्हा फळावरून न्याय करू गेल्यास होकारही हरतो आणि नकारही हरतो. इंधनाचे भाव, कर्जाचा बोजा, मालकांचा हव्यास यांवर कोणत्याही न्यायालयाचा हुकूम चालत नाही. आमच्या मते नकाराची कसोटी अन्यत्र आहे. दुबळ्या पक्षाला दुसऱ्या दारी जाण्याची वाट उरते की नाही, एवढेच पाहण्याचे काम सरकारकडे आहे. एखादी कंपनी जगवण्याची हमी त्या कामात येत नाही. गिऱ्हाइकाला ‘नको’ म्हणता आले पाहिजे. सुरतेत नोव्हेंबर २०१४ मध्ये धावपट्टीवर स्पाइसजेटच्या विमानाची म्हशीला धडक बसली आणि त्या कंपनीने येथील उड्डाणे थांबविली, तेव्हा ही वाट किती अरुंद असते हे या गावाने पाहिले आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने एअर इंडिया व विस्तारा यांच्या एकीकरणास मान्यता दिली. आधी आयोगाने चौकशी का करू नये अशी नोटीस काढली होती. मग कंपन्यांनी काही मार्गांवर आसनक्षमता राखण्याची हमी दिली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा नाव संपले. हा नकार नव्हे, सशर्त होकार होय. बाजूला इंडिगो एवढी मोठी असताना दुसरा बळकट प्रतिस्पर्धी हवा, या युक्तिवादात तथ्य होते हे आम्ही मान्य करतो. पण इंडिगो कोणालाही न गिळता मोठी झाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून बरेच अधिक तिच्याकडे गेले ते मुख्यतः तिच्या शिस्तीमुळे आणि इतर बुडाल्यामुळे. विलीनीकरण रोखणारा कायदा येथे मुकाच राहतो.

त्याचा परिणाम डिसेंबर २०२५ मध्ये दिसला. वैमानिकांना आठवड्याला ४८ तासांची विश्रांती द्यावी आणि त्यांची रात्रीची अवतरणे कमी करावीत, असे नियम नोव्हेंबरापासून पूर्णतः लागू झाले होते. इंडिगोची तयारी अपुरी पडली, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि प्रवासी विमानतळांवर सामानाच्या ढिगांशेजारी रात्री काढू लागले. सरकारने सर्वच कंपन्यांच्या भाड्यावर मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७५०० रुपये, १५०० किलोमीटरांपलीकडे १८ हजार. आणि रात्रीच्या कामाविषयीचे काही नियम त्या एका कंपनीपुरते १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत शिथिल केले. वैमानिकाची झोप हा सुरक्षेचा नियम होता. तो ज्याने मोडावा त्यालाच सवलत मिळाली, कारण त्याच्यावाचून देश हलेना. प्रवाशाची वाट तर बंद झालीच होती. येथे राज्यसंस्थेलाच ‘नाही’ म्हणणे जमले नाही. भाड्यातील वाढघटीपेक्षा आम्हांस हे अधिक गंभीर वाटते.

म्हणून २०२३ च्या त्या हमींकडे दुर्लक्ष होऊ नये. कोणत्या मार्गावर किती आसने राखावयाची होती आणि किती राखली गेली, हे आयोगाने दर वर्षी, मार्गवार आणि प्रवाशांना वाचता येईल अशा भाषेत छापावे.