चेक नट आणि पहिलं शील

ऊसतोडीची टोळी निघायच्या आदल्या रात्री वडील कोयता मांडीवर घेऊन बसत. मुठीत पाचर ठोकायची, हलवून बघायचं, पुन्हा ठोकायचं. सैल कोयता उसाला नाही, शेजारच्या बाईला लागतो, असं म्हणायचे. शेजारची बाई म्हणजे माझी आई. आमच्या बीडकडे नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, मुकादमाची उचलही त्या जोडीच्या नावावर.

मी आयटीआय केलं म्हणून कोयता सुटला. महाराष्ट्रात खडकी, वरणगाव ही काडतुसांची जुनी ठिकाणं. खडकीचा कारखाना तर 1869 सालचा. अशाच एका सरकारी कारखान्यात मी मशीन सेटर झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. आता अंबाजोगाईत राहतो.

काम सांगायला सोपं आहे. पितळी पुंगळीच्या बुडाला टोपी बसते, आत दारू मापून पडते, तोंडाशी गोळी दाबली जाते. गोळी किती खोल जायची ते डाय ठरवते, आणि डायला जागेवर धरून ठेवतो चेक नट. दिवसभराच्या थरथरीने हा नट केसभर सरकतो. डोळ्याला कळत नाही, गेजला कळतं. गोळी जास्त खोल बसली की आतला दाब वाढतो. दारू फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि वरून दुसरी झाडली की नळी फुटते. फुटते ती झाडणाऱ्याच्या तोंडाजवळ. म्हणून ठरल्या वेळेला गेज लावायचा, तराजू बघायचा, पाना फिरवायचा. रागाने आवळूनही चालत नाही, आटे जातात. पाय रक्ताळेपर्यंत साधना करणाऱ्या सोण भिक्खूला बुद्धांनी वीणेच्या तारांबद्दल विचारलं होतं: फार ताणल्या तर वाजते का, ढिल्या सोडल्या तर वाजते का? विहारात ही गोष्ट ऐकली की माझ्या मनगटाला पाना आठवायचा.

पण वीणेतून सूर निघतो. माझ्या मशीनमधून काय निघत होतं?

खंडेनवमीला शॉपमध्ये मशीनला झेंडूचे हार पडायचे. दुसऱ्या दिवशी दसरा. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली तोही दसराच होता, म्हणून मी पांढरे कपडे घालून विहारात जायचो आणि जीवहिंसेपासून दूर राहण्याचं पहिलं शील म्हणायचो. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार बुद्धांनी सांगितले, त्यात शस्त्रांचा व्यापार आहे. आमच्यातले जाणते म्हणायचे, बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, महार रेजिमेंट 1941 ला उभी राहिली, तुला कसला सल? मी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पुन्हा वाचला. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेब फरक करतात. सीमेवरच्या जवानाच्या हातातलं काडतूस मला त्या फरकात बसवता आलं, आणि आजही मी त्यावर ठाम आहे.

त्यापुढचं उत्तर मी स्वतः शोधलं होतं. धम्मात कर्म म्हणजे चेतना, मनातला हेतू. सैल डायचं काडतूस कुणाच्याही हेतूशिवाय मारतं, आणि बहुधा भरवसा ठेवणाऱ्यालाच मारतं. नट घट्ट असला की तो अपघात उरत नाही. उरतो फक्त माणसाचा निर्णय, आणि तो सगळा त्याचा. मरणातली बेफिकिरी काढून टाकायची, एवढंच शील माझ्या हातात होतं. या विचारावर मी कितीतरी रात्रपाळ्या काढल्या.

मग निवृत्त होऊन इकडे आलो. 2025 च्या सुरुवातीला आमच्या बीड जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने असल्याचं गाजलं, जिल्हाधिकाऱ्यांनी पुष्कळ रद्द केले. इथे कुठली सीमा आहे? कमरेला पिस्तूल लावून लग्नात फिरणाऱ्या पोरांना कसली गरज?

त्यांतलाच एक, ओळखीच्या घरचा, संध्याकाळी दारात आला. ‘काका, तुम्ही काडतुसातले. गोळी अडकतीय, बघता का जरा?’

माझ्याच तर्काने मी बघायला हवं होतं. अडकणारं हत्यार उद्या त्याच्या हातात फुटेल, नाहीतर मांडवातल्या एखाद्या लेकराला लागेल. मी हात पुढे केला नाही. ‘परवानावाल्या दुकानात ने,’ म्हणालो. कायद्यानेही तेच बरोबर होतं. पण मी कायद्यासाठी थांबलो नव्हतो. त्याच्या चेहऱ्यावर गरज दिसत नव्हती, हौस दिसत होती, आणि त्या हौसेला घट्ट बसवून द्यायला माझा हात उठेना. मग इतकी वर्षं जी काडतुसं गेली, ती झाडणाऱ्यांतल्या एकाचं तरी तोंड मी पाहिलं होतं का? निर्णय झाडणाऱ्याचा असं म्हणत मी स्वतःचा निर्णय पगाराच्या तारखेला ठेवून आलो होतो. हे दारात उभं राहूनच कळलं. पोरगं गेल्यावर बायकोने चहा आणला, तो तसाच गार झाला.

दोन दिवसांनी तो पुन्हा दिसला. गाडी थांबवून खुशीत म्हणाला, ‘झालं काका. आता एकदम नीट चालतंय.’