शहराचे वचन

मनुष्याने दिलेला शब्द पाळावा, याविषयी आपल्याकडे कधी फारसा मतभेद झालेला नाही. परंतु शब्द एखाद्या शहराने दिला असेल, तर तो नेमका कोणी दिला आणि कोणी पाळावयाचा? मनुष्यास एक जीभ असते व ती त्याचीच असते. शहरास लक्षावधी जिभा असतात. सही करणारा हात मात्र एखाद-दुसऱ्याचाच असतो. तो हात चार-पाच वर्षांनी बदलतो, आणि त्या हाताने बांधून घेतलेले ओझे ज्यांच्या खांद्यावर पडावयाचे, ते लोक तेथेच राहतात. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका मोटारींच्या शर्यतीच्या निमित्ताने करणार आहो. शर्यत हा विषय कित्येक वाचकांस उथळ वाटेल. पण कधी कधी उथळ पाण्यातच तळ स्वच्छ दिसतो.

वाशीमहून पूर्णेवरून काचीगुड्याकडे जाणारी आगगाडी आम्हां वऱ्हाडकरांना ज्या हैदराबादेस नेऊन सोडते, त्या शहरात ११ फेब्रुवारी २०२३ रोजी विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. ‘फॉर्म्युला ई’ हे तिचे नाव. सुमारे २.८३ किलोमीटरचा तिचा मार्ग शहराबाहेरच्या एखाद्या माळावर आखलेला नव्हता. हुसेनसागराच्या काठचे, सचिवालय व लुंबिनी उद्यान यांच्या लगतचे भर वस्तीतील रस्तेच त्यासाठी अडवून घेतले होते. जाँ-एरिक व्हर्न या फ्रेंच चालकाने ती जिंकली. शर्यत दरसाल व्हावयाची होती. परंतु पहिल्या वर्षी खर्चाचा मोठा वाटा उचलणारी खासगी कंपनी दुसऱ्या वर्षी बाजूस झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी यजमान शहराचा करार राज्याच्या नगरविकास खात्याशी झाला. त्या वेळी विधानसभेची निवडणूक जाहीर झालेली होती. ३० नोव्हेंबर रोजी मतदान झाले, ७ डिसेंबर रोजी नवे मंत्रिमंडळ आले, आणि ५ जानेवारी २०२४ रोजी आयोजकांनी जाहीर केले की, १० फेब्रुवारीस ठरलेली शर्यत रद्द झाली असून सरकारी खाते करार पाळावयास तयार नाही. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये, आयोजकांस दिलेल्या सुमारे ५५ कोटी रुपयांच्या संबंधात लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने माजी मंत्र्यांसह काहींवर गुन्हा नोंदविला. माजी मंत्र्यांनी आरोप साफ नाकारले. त्याचा न्याय न्यायालयाने करावयाचा आहे. आम्हांस त्या वादात मत द्यावयाचे नाही. कोणी गैर केले किंवा केले नाही, हे बाजूस ठेवूनही जो नैतिक प्रश्न उरतो, तेवढाच आमचा विषय आहे.

या प्रसंगी दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, शहराने शब्द दिला होता; मंत्री बदलले म्हणून शहर बदलत नाही; शब्द मोडल्याने शहराची अब्रू गेली. दुसरा म्हणतो, हा शब्द आम्हांस कोणी विचारून दिला? ज्याने दिला त्याने तो पाळावा. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, आणि म्हणूनच एकाची बाजू घेऊन मोकळे होता येत नाही.

पहिल्या पक्षाचा आदर्श राजा हरिश्चंद्र. स्वप्नात दिलेले राज्य त्याने जागेपणी देऊन टाकले, आणि वचनासाठी डोंबाघरी पाणी भरले. ही कथा ऐकून ज्याचे डोळे पाणावले नाहीत असा मराठी माणूस विरळा. तथापि कथेत एक प्रश्न कोणीच विचारीत नाही: अयोध्येच्या प्रजेस कोणी विचारले होते काय? राजाने स्वतःस विकले, ते त्याचेच होते. पण राज्य त्याचे होते काय?

हा प्रश्न आम्ही आधुनिक शिक्षणाच्या उसन्या चष्म्यातून पाहून काढला, असे कोणी समजू नये. तो आमच्या मीमांसकांनीच काढला आहे. विश्वजित् नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करावयाचे असते. तेव्हा शंका निघाली की, यजमान राजा असेल तर त्याने भूमीही दान करावी काय? जैमिनीच्या पूर्वमीमांसेतील निर्णय असा आहे की, करू नये. कारण भूमी सर्वांस सारखीच आहे. राजाचा तिच्याशी संबंध रक्षणकर्त्याचा, मालकीचा नव्हे. त्याच ठिकाणी असाही विचार आहे की, आई-बापांस आपण ‘माझे’ म्हणतो, एवढ्यावरून त्यांचे दान करता येत नाही. ‘माझे’ या शब्दाचे किती निरनिराळे अर्थ होतात, हे यज्ञाच्या कर्मकांडात बुडालेल्या त्या पंडितांनी किती स्वच्छ पाहिले होते! मुख्यमंत्री ‘माझे राज्य’ म्हणतो, नगराध्यक्ष ‘माझे शहर’ म्हणतो, तेव्हा तो ‘माझे आई-बाप’ या अर्थाने म्हणतो की ‘माझे धोतर’ या अर्थाने, एवढेच विचारावयाचे असते. आणि जे भूमीस लागू, ते रस्त्यास कांकणभर अधिकच लागू आहे. कारण शेत निदान कोणा एकाचे म्हणून कसले जाते, रस्ता तर सर्वांचा म्हणूनच अस्तित्वात येतो.

आम्हां वऱ्हाडच्या लोकांस या तत्त्वाचा अनुभव पुस्तकातून घ्यावा लागला नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी निजाम महबूब अली खान यांच्याशी करार करून तोच प्रांत सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला. देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, सारे कागदावर स्वच्छ होते. ज्यांचा प्रांत दिला-घेतला गेला, त्यांना मात्र कागदावर जागा नव्हती. शर्यतीसाठी चार दिवस रस्ता देणे आणि प्रांत पट्ट्याने देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. परंतु अंतर आकाराचे आहे. जातीचे किती आहे, ते वाचकांनीच ठरवावे.

येथे एक सबळ आक्षेप येतो. कर्झन व निजाम यांना कोणी निवडून दिले नव्हते. आजचा मंत्री निवडून आलेला आहे. प्रत्येक कामास घरोघर जाऊन संमती मागावयाची म्हटली तर गटारही बांधून होणार नाही. शिवाय प्रत्येक नवे मंत्रिमंडळ जुन्याचे करार झुगारू लागले तर शहराशी करार करावयास कोण धजेल? उद्या पूल बांधणारा, पाणी आणणारा, कर्ज देणारा सारेच हात आखडतील. एडमंड बर्क याने फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९० साली लिहिताना समाज हा मृत, विद्यमान व अजात अशा तिघांची भागीदारी मानला, तो याच भयाने. त्यास १७९१ साली उत्तर देताना टॉमस पेन याने प्रतिपादिले की, कोणत्याही पिढीस पुढच्या पिढीचे हात बांधण्याचा हक्क नाही. महाविद्यालयातील मुलांस आम्ही हा वाद शिकवितो तेव्हा वर्गाचे सरळ दोन तट पडतात. पेनकडे बहुधा जास्त. आमच्या मते मात्र दोघेही एका बिंदूवर भेटतात. भागीदारी म्हटली की भागीदारास हिशेब दाखविणे आले. आणि हात बांधावयाचे नाहीत म्हटले तरी हातात दिलेली वस्तू फेकून देण्याची मुभा मिळत नाही.

म्हणून प्रश्न ‘विचारावे की न विचारावे’ असा नसून ‘कोणत्या कामास किती विचारावे’ असा आहे. गटार ज्याच्या दारावरून जाते त्याच्याही उपयोगाचे असते. तेथे निवडणुकीतली संमती पुरते. परंतु जेथे सोय एकाची व अडचण दुसऱ्याची, आणि तीही एकदाच नव्हे तर दरसाल, तेथे केवळ बहुमताच्या बळावर सही करणे पुरेसे नाही. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरास आपल्या रस्त्यांवर मोटारींची शर्यत भरवावयाची होती. नगरसभेच्या अधिकारात ते बसत नव्हते. म्हणून १९८५ साली पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागला, आणि १९८६ पासून १९९० पर्यंत तेथे शर्यती झाल्या. एवढ्याशा गोष्टीसाठी पार्लमेंट, असे हसू येईल. पण सार्वजनिक रस्ता काही काळ सर्वांपासून काढून घेणे ही गोष्ट ‘एवढीशी’ नाही, हे त्या खटाटोपातून त्या समाजाने मान्य केले.

याच्या उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने अशाच शर्यतीसाठी पाच वर्षांचा करार केला. २०११ साली पहिली शर्यत थाटात झाली. पण आयोजकांची देणी थकली व वर्षअखेर शहराने करार मोडला. दुसऱ्यांच्या हाती आणखी दोन शर्यती झाल्या आणि २०१३ नंतर सारे थांबले. त्याच देशातील लाँग बीच येथे मात्र १९७५ साली सुरू झालेली शर्यत, २०२० च्या महासाथीचा खंड वगळता, वर्षानुवर्षे चालत आली आहे. तेव्हा शर्यत ही मूळचीच पापी वस्तू आहे, असे आमचे म्हणणे नाही. चेन्नईची शर्यत २०२३ च्या डिसेंबरात वादळामुळे पुढे ढकलली गेली, मद्रास उच्च न्यायालयात तिच्यावर वाद झाला, आणि अखेर ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ रोजी ती पार पडली. न्यायालयात प्रश्न विचारला गेला, ही आमच्या मते त्या शर्यतीची मानहानी नव्हे. उलट अशा शब्दास त्यानेच काही वजन येते.

रस्ता आमच्या जिल्ह्यातही अडतो. शेगावहून पंढरपुरास निघालेली गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड अशी वाशीम जिल्ह्यातून जाते, तेव्हा मोटारी थांबतात, बाजार थांबतो. कोणी कुरकुरत नाही. याचे कारण केवळ भक्ती, असे म्हणून आम्ही सुटणार नाही. थांबविणारे आणि थांबणारे येथे एकच लोक असतात. पाहण्यास तिकीट नसते. आणि पालखी पुढे सरकली की मागचा रस्ता तत्काळ ज्याचा त्यास परत मिळतो. या तीन गोष्टींतील एक जरी गेली, तर देवाच्या नावाने अडविलेल्या रस्त्याविषयीही आम्ही हाच प्रश्न विचारू. आमचा शंकरपट घ्या. बैलांच्या त्या शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली. राज्याने २०१७ साली कायदा दुरुस्त केला. २०२१ च्या अखेरीस अटींसह परवानगी मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. मुक्या बैलाचे काय म्हणणे असेल, याचा विचार नऊ वर्षे चालला, आणि तो योग्यच होता. परंतु ज्यास वाचा आहे, ज्याची हातगाडी त्या रस्त्यावर उभी राहते, ज्याच्या आईस त्याच रस्त्याने दवाखान्यात न्यावयाचे असते, त्याचे म्हणणे ऐकण्यास नऊ दिवसही नसावेत, हे कसे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शब्द दिला गेला, देणारा गेला, नवा आला. त्याने काय करावे? आमचे उत्तर असे आहे. शहराच्या नावाने दिलेल्या वचनाचे बंधन सहीच्या शाईतून येत नाही. ते शहरास त्यात किती सहभागी करून घेतले, यावरून येते. जे वचन सभेत वाचले गेले, ज्याचा खर्च उघड सांगितला गेला, ज्यांस त्रास व्हावयाचा त्यांचे ऐकून घेतले गेले, ते वचन नव्या माणसासही बांधते. तो कोणत्या पक्षाचा आहे हा प्रश्नच नाही. जे वचन असे झाले नाही, ते मोडण्याचा अधिकार नव्या माणसास असेल. मात्र ज्या गुप्ततेने ते दिले गेले त्याच गुप्ततेने मोडण्याचा अधिकार त्यास नाही. मोडावयाचे तर त्यानेही सभेत यावे, कारण सांगावे, मोडण्याची किंमत किती व ती कोणाच्या खिशातून जाणार, तेही सांगावे. एक जण शहराचे वचन आपला पराक्रम म्हणून देतो, दुसरा ते मागल्याचे पाप म्हणून टाकतो. आणि ते वचन शहराचे होते, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात राहत नाही. घरात कर्त्या पुरुषाने केलेले कर्ज मुलाने ‘बापाचे’ म्हणून नाकारावे आणि बापाने ते करताना घरच्यांस न विचारावे, अशा घराची बाजारात पत राहत नाही. त्याहून वाईट हे की, घरातल्यांचाच घरावर विश्वास राहत नाही.

आणि खरी हानी तीच आहे. पैसा पुन्हा मिळविता येतो, शर्यत दुसरीकडे भरते. परंतु ‘आमच्या शहराने शब्द दिला आहे’ हे वाक्य उच्चारताना ज्या नागरिकास त्यातील ‘आमच्या’ हा शब्द खोटा वाटू लागतो, त्याच्याकडून पुढे कर, श्रम किंवा त्याग मागण्यास कोणत्या तोंडाने जावयाचे? हैदराबाद मोठे शहर आहे. त्याच्या चुका वृत्तपत्रांत येतात. आपल्या लहान गावांतून जत्रेचे मैदान, बाजाराची जागा, शाळेपुढचा रस्ता असेच कोणाच्या तरी सहीने कोणाला तरी दिले जातात आणि त्याची बातमीही होत नाही. तेथे सभेत उठून ‘हे कोणास विचारून दिले?’ एवढे विचारणारा एक मनुष्य जरी निघाला, तरी जैमिनीने राजास जे सांगितले तेच त्याने सांगितल्यासारखे होईल. असा मनुष्य बहुधा सर्वांस त्रासदायक वाटतो. परंतु गावाच्या वचनास जी काही किंमत असते, ती अशाच त्रासदायक माणसांनी आणलेली असते.